अर्धा किलो सहसंबंध

साताऱ्यात आनंदाची बातमी नुसती तोंडानं सांगायची पद्धत नाही. मुलगा दहावीला पास झाला, बदली रद्द झाली, कोर्टातली बांधाची केस सुटली, की माणूस आधी समोरच्याच्या हातावर कंदी पेढा ठेवतो आणि मगच तोंड उघडतो. या रिवाजाला धरून गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी मी अर्धा किलो कंदी पेढे घेतले, स्टाफरूममध्ये वाटले, ग्रंथपालांना दिले, शिपायांना दिले, कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याला दिले आणि "कशाचे?" या प्रत्येक प्रश्नाला जमेल तेवढा नम्र चेहरा करून "सहसंबंधाचे" असं उत्तर दिलं. झेरॉक्सवाल्यानं दुसरा पेढा उचलत विचारलं, "म्हणजे ताईंचं जमलं का, सर?"

मुलीचं नव्हतं जमलं. चालढकल आणि परीक्षेची चिंता या दोघींचं जमलं होतं, तेही ०.९९ इतकं. ज्यांना या आकड्याचा अर्थ कळतो ते आत्ताच हसायला लागले असतील. त्यांनी जरा दम धरावा, कारण पेढे वाटताना मला तो कळत नव्हता.

मी मानसशास्त्र शिकवतो. गणित सुटावं म्हणून कला शाखेला गेलो आणि कला शाखेत त्यातल्या त्यात झोप, स्वप्नं, वेडेपणा असले घरगुती विषय ज्यात आहेत तो विषय निवडला. दुसऱ्या वर्षी पुस्तकाच्या मागच्या बाजूला मध्य, मध्यक आणि बहुलक हे तिघे शाळासोबती दबा धरून बसलेले आढळले. तेव्हा कळलं की चार्ल्स स्पिअरमन नावाच्या गृहस्थांनी १९०४ सालीच शाळेतल्या मुलांच्या गुणांचे सहसंबंध मांडून त्यातून 'सामान्य बुद्धिमत्ता' काढली होती आणि तेव्हापासून मानसशास्त्रानं आकडेमोडीचा नाद सोडलेला नाही. म्हणजे मी ज्या घरी लपायला गेलो ते गणिताचं आजोळ निघालं. ज्या जिल्ह्यातल्या बुध गावानं पांडुरंग सुखात्म्यांसारखा संख्याशास्त्रज्ञ जगाला दिला, नमुना-पाहणीवर १९५४ साली ग्रंथ लिहिणारा, त्याच जिल्ह्यानं नंतर माझ्या रूपानं त्याची भरपाई करून घेतली असावी.

तरी पंचवीस वर्षं निभलं. टी-टेस्ट मी दर वर्षी शिकवत आलो. तिला 'स्टुडंट्स टी' म्हणतात याचं कारण ती विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी आहे, असंही मी तितकीच वर्षं सांगत आलो. डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ती 'स्टुडंट' या टोपणनावानं छापली होती, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी समजलं. माझे विद्यार्थी आता जिल्हाभर शिक्षक आहेत. ते तेच सांगत असणार.

सत्तेचाळिसाव्या वर्षी कळण्याचं कारण पीएचडी. पदोन्नती अडली होती आणि बायकोनं एका लग्नात कुणाला तरी "हे डॉक्टर नाहीत, नुसते प्राध्यापक आहेत" असं सांगितलेलं मी ऐकलं होतं. विषय घेतला 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील चालढकल आणि परीक्षेची चिंता'. नोंदणी झाल्यावर पुढची साडेतीन वर्षं मी काहीही केलं नाही. विषयाशी इतका एकरूप झालेला संशोधक विद्यापीठाला आजवर मिळाला नसेल.

माझ्या मार्गदर्शक बाई माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. त्या मला सर म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो आणि या दोन शब्दांच्या मधल्या जागेत जे काही ओरडायचं असतं ते त्या ओरडतात. चौथ्या वर्षी त्या म्हणाल्या, "सर, नुसत्या टी-टेस्टवर आता भागत नाही हो. काहीतरी ॲडव्हान्स्ड करा. परीक्षक विचारतात." मी "हो मॅडम" म्हणालो आणि घरी येऊन ॲडव्हान्स्ड म्हणजे काय ते शोधायला लागलो.

आधी सात दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा केली. पहिल्या दिवशी सरासरीवर दोन तास झाले, मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि बायकोला म्हणालो, अगं, काही कठीण नाही, उगाच बाऊ करतात लोक. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. ती आली तेव्हा तिसरा दिवस निम्मा झाला होता आणि पडद्यावरचे गृहस्थ कुणा बेज नावाच्या पाद्र्याच्या सिद्धान्ताबद्दल बोलत होते. सरासरीतून पाद्र्यापर्यंतचा रस्ता कुठून गेला ते मला आजतागायत सापडलेलं नाही. सातव्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला. तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नव्हतं. 'कार्यशाळेमुळे माझ्या संकल्पना स्पष्ट झाल्या' आणि 'कार्यशाळेनंतरही माझ्या शंका कायम आहेत' या दोन्ही वाक्यांपुढे मी 'पूर्णपणे सहमत' टिचकवलं आणि प्रमाणपत्र उतरवून घेतलं. हे टिचकवणं ध्यानात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

मग सॉफ्टवेअर. आमच्या पिढीचं म्हणजे एसपीएसएस, १९६८ सालचं, माझ्यापेक्षाही वयानं मोठं. पण त्याला पैसे पडतात. लेक पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, "बाबा, तू आर शीक. फुकट आहे." न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या रॉस आणि रॉबर्ट या दोन प्राध्यापकांनी आपापल्या नावाच्या आद्याक्षरावरून एकाक्षरी नाव ठेवून ते बनवलं आणि जगाला वाटून टाकलं. फुकट मिळालेली वस्तू माणसाकडून दुसऱ्या वाटेनं किंमत वसूल करते हे मी लग्नात मिळालेल्या सहा भिंतीवरच्या घड्याळांवरून ओळखायला हवं होतं.

पहिल्याच रात्री मुलीनं पाठवलेली आज्ञा मी अक्षर अक्षर बघत टाइप केली, एंटर दाबलं, आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी अधिकचं चिन्ह उमटलं. त्याच्यापुढे कर्सर लुकलुकायला लागला. मला भरून आलं. ३१२ विद्यार्थी, प्रत्येकाची तीसेक उत्तरं, एवढ्या सगळ्याची बेरीज करायची म्हणजे बिचाऱ्याला वेळ लागणारच. मी लॅपटॉपखाली पाट ठेवला, वारा लागावा म्हणून टेबलफॅन तिकडे वळवला, बायकोला मिक्सर लावू दिला नाही, त्यामुळे त्या रात्री चटणी पाट्यावर वाटली गेली आणि जेवताना मला तसं ऐकवलंही गेलं. दीड तासानं मी लेकीला फोन करून विचारलं की बेरीज साधारण किती वेळ चालते. तिनं फोटो मागवला. तो बघून ती बराच वेळ बोललीच नाही, नंतर म्हणाली, "बाबा, तू कंस बंद केला नाहीस. तो थांबलाय."

"कशासाठी?"

"तू वाक्य पूर्ण करशील म्हणून."

दीड तास आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत बसलो होतो.

कंस बंद केल्यावर त्यानं ताबडतोब उत्तर दिलं की असली कुठलीही वस्तू माझ्याकडे नाही. 'चिंता'च्या इंग्रजी स्पेलिंगचं पहिलं अक्षर मी एकदा मोठं आणि एकदा लहान काढलं होतं, आणि आरच्या लेखी त्या दोन वेगळ्या चिंता होत्या. मानसशास्त्राचा मास्तर म्हणून मला ते पटलं.

याच सुमारास रोनाल्ड फिशर माझ्या आयुष्यात आले आणि चहा महाग झाला. त्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शेवाळतज्ज्ञ बाई होत्या. त्यांचं म्हणणं असं की कपात दूध आधी घातलं की चहा, हे त्या चव घेऊन सांगू शकतात. फिशरसाहेबांनी आठ कपांचा प्रयोग मांडला, चार असे आणि चार तसे, आणि १९३५ साली आपल्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. नुसत्या अंदाजानं आठही कप बरोबर ओळखायची शक्यता सत्तरात एक. संख्याशास्त्रातली 'शून्य परिकल्पना' चहाच्या कपात भेटते म्हटल्यावर मला ती प्रथमच आपली वाटली.

प्रयोग घरी करायचा ठरवला. पण आपल्याकडे चहा, साखर, दूध, आलं सगळं एकाच पातेल्यात उकळतं, आधी काय आणि मागून काय हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून मी दुधात फेरफार केला. म्हशीच्या दुधाचा चहा डोळे मिटून ओळखीन असं बायको नेहमी म्हणते. शून्य परिकल्पना अशी की ओळखता येत नाही, ती उगाच म्हणते. रविवारी ती देवाला फुलं आणायला अंगणात गेली तेव्हा मी दोन पातेली चढवली, एकात म्हशीचं, एकात गाईचं, मोजून दोन्हींत सारखी साखर घातली, सारखं आलं किसलं, अंगठ्याचं साल काढलं, आठ कप ओतले, ट्रेमध्ये त्यांची सरमिसळ केली आणि वही-पेन घेऊन बसलो. ती आली. तिनं ट्रेकडे एकदा बघितलं आणि एकही घोट न घेता चार कप उजवीकडे आणि चार डावीकडे सरकवले. आठही बरोबर.

"सत्तरात एक!" मी उठून उभा राहिलो.

"काय सत्तरात एक? कान तुटलेल्या चार कपांत तुम्ही गाईचा ओतलाय."

ओतला होता. माझं मला लक्षात राहावं म्हणून. प्रयोग घेणाऱ्याला सोयीचं जे असतं ते प्रयोगात बसणाऱ्यालाही दिसतं, एवढं एक वाक्य फिशरच्या त्या प्रकरणातून मी उचललं असतं तर एक लिटर दूध वाचलं असतं. "विरजण आता कशाला लावू?" या प्रश्नाला फिशरमध्ये उत्तर नाही. आठातले सहा कप मी प्यायलो आणि रात्रभर जागा राहिलो.

जागा होतो म्हणूनच ते ०.९९ हाती लागलं. पहाटेच्या सुमारास आज्ञा बिनचूक टाइप झाली, कंस मिटले, चिंता एकाच लिपीत आली, आणि पडद्यावर चालढकल आणि परीक्षेची चिंता यांचा सहसंबंध उमटला. प्रश्नावली किती एकजीव आहे हे सांगणारा क्रॉनबाखचा अल्फा, ०.७०च्या वर गेला तरी लोक समाधान मानतात तो, माझ्याकडे दोन्ही मापनांना ०.९९. मी दोनदा चष्मा पुसला. मानसशास्त्रात ०.३०चा सहसंबंध मिळाला तरी माणूस शोधनिबंध लिहायला बसतो. मला क्षणभर स्टॉकहोम दिसलं. मानसशास्त्राला नोबेल नसतं हे आठवेपर्यंत उजाडलं होतं आणि पेढ्याचं दुकान उघडलं होतं.

संध्याकाळी बायको बँकेतून आली. ती सहकारी बँकेत कॅशला आहे, टोटल लागेपर्यंत जिना उतरत नाही. मी कौतुकानं लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा नाकावर खाली घेतला.

"हे काय आहे?"

"मुलांनी दिलेले गुण. एक ते पाचमध्ये."

"आणि ही सरासरी?"

"सात पूर्णांक तीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो. "अहो," ती म्हणाली, "पाचापैकी सात कसे?"

पंचवीस वर्षं सरासरी शिकवणारा मी होतो. मग तिनं नोटा मोजताना फिरवते तसं बोट रकान्यावरून खाली नेलं आणि मध्येच थांबवलं. "हे नव्व्याण्णव कुणाचे?"

नव्व्याण्णव माझेच. प्रश्नावलीचा कागद पाठपोट छापला होता. पुढे नाव-गाव आणि आत्मविश्वासाची मोजणी, मागे चालढकल आणि चिंता. चौदा मुलांनी पान उलटलंच नव्हतं. उत्तर नसेल तिथे ९९ टाकायचं, असं कार्यशाळेत ऐकलं होतं, ते मी टाकलं. पण '९९ म्हणजे उत्तर नाही' हे सॉफ्टवेअरलाही सांगायचं असतं. तो भाग बहुधा लाइट गेली तेव्हाचा. त्यामुळे २९८ मुलं दोन-तीन-चारच्या आसपास घोटाळत होती आणि ही चौदा पोरं चालढकलीतही ९९ आणि चिंतेतही ९९ घेऊन दूर आकाशात बसली होती. खाली एक ठिपका, वर एक ठिपका, मधून रेघ. ती सरळच जाणार. मी शोधून काढलेला सत्य संबंध एवढाच होता की जो मागचं पान एकदा उलटत नाही तो दुसऱ्यांदाही उलटत नाही.

"एवढं तर आपल्या दोघांचं पण जुळत नाही," बायको म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

नव्व्याण्णव काढल्यावर अल्फा झाला उणे ०.३१. मी तोवर अल्फा कमी पाहिला होता, उणे पाहिला नव्हता. घाबरून मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "सर, उलटी वाक्यं उलटी केलीत का?" दहांतली पाच वाक्यं मुद्दाम उलट्या अर्थाची असतात, 'मी काम पुढे ढकलतो' आणि 'मी काम लगेच हातावेगळं करतो' अशी, आणि दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांचे गुण पाचाचे एक आणि एकाचे पाच करून घ्यायचे असतात. मी घेतले नव्हते. मुलं शहाण्यासारखी उत्तरं देत होती आणि मी त्यांना तोंडघशी पाडत होतो. ते केल्यावर अल्फा आला ०.७४, माणसासारखा.

तरी एक पोरगा राहिलाच. बाकीच्यांपासून कोण किती फटकून आहे ते मोजायला आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३६ साली एक अंतर सांगून ठेवलंय, ते काढलं तर हा सगळ्यांहून कितीतरी लांब उभा. सरळ वाक्यालाही पूर्णपणे सहमत, उलट्या वाक्यालाही पूर्णपणे सहमत. मी मॅडमना म्हणालो, हा विद्यार्थी बेजबाबदार आहे, असल्यांमुळे देशातलं संशोधन मागे राहतं. मग त्याचा कागद काढला. प्रश्नावली क्रमांक १. वय ४७. छापून आल्यावर पेन कागदावर नीट चालतं का बघायला मी स्वतः भरली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी पंचेचाळीस गोष्टींचे एकमेकींशी सगळे सहसंबंध काढले. ते होतात ९९०. विसात एक या हिशेबानं त्यांतले पन्नासेक नुसत्या योगायोगानं 'सिग्निफिकंट' ठरणार, हे माहीत नसल्यामुळे प्रश्नावलीचा क्रमांक आणि चिंता यांच्या नात्यावर मी अडीच पानं चर्चा लिहिली, त्यात ग्रामीण पार्श्वभूमीही आणली. मॅडमनी ती पानं परत केली आणि २००९ सालच्या एका माशाची गोष्ट सांगितली. अमेरिकी संशोधकांनी मेलेला सामन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि इतक्या ठिकाणी इतक्या चाचण्या केल्या की माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. अर्थात त्यांनी ते मुद्दाम, आमच्यासारख्यांना शहाणं करण्यासाठी केलं होतं, आणि २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. मी तेच मनापासून केलं होतं. मला काही मिळालं नाही.

गोल आणि चौकोन काढून त्यांना बाण जोडायचं ते स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंगही करून झालं. रांगोळी छान आली होती. त्यात एका ठिकाणी विचरण उणे निघालं. विचरण म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, ती उणे असूच शकत नाही, हे दहावीच्या मुलालाही कळतं. यालाही 'हेवूड केस' असं नाव आहे आणि ते १९३१ सालच्या एका निबंधावरून पडलंय, हे वाचून बरं वाटलं. आपल्या चुकीला इंग्रजी नाव असलं की ती चूक वाटत नाही.

शेवटचा आकडा सांगतो. चौदा न उलटणारे आणि एक बेजबाबदार वजा जाता उरले २९७, आणि चालढकल व परीक्षेची चिंता यांचा खरा सहसंबंध आला ०.२१. मॅडम म्हणाल्या, "चांगला आहे, सर. खरा वाटतो."

ही बातमी कशी सांगायची, असा पेच पडला. मला पक्कं येणारं गणित एकच, त्रैराशिक. ०.९९ला अर्धा किलो, तर ०.२१ला किती? एकशेसहा ग्रॅम. पेढेवाले म्हणाले, "सर, शंभरच घ्या, सुटे सहा कुठे तोलता." ते शंभर ग्रॅम मी घरी आणले. बायकोला दोन दिले, कान तुटलेल्या कपातून चहा घेतला.

प्रबंध अजून द्यायचा आहे. मॅडमनी नमुना वाढवायला सांगितलाय, तेव्हा नव्या प्रश्नावल्या घेऊन मी परत हिंडणार आहे. तुमच्या हातात एखादी आली तर एवढं करा. कागद उलटून बघा, मागेही प्रश्न आहेत.